राख टाकायची जागा

उकिरड्यासाठी कुणी भांडतं का, असं विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्या चुलीतली राख दुसरं कुणीतरी उचलत असणार. रोज सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती कुठं रिकामी करायची, हा प्रश्न जिला पडतो त्या बाईला विचारा. घराला दार नसलं तरी एक वेळ भागतं. राख टाकायला हक्काची जागा नसली, तर त्या घराला गावात कुणी घर म्हणत नाही.

आमचं गाव वडवणीपासून तीन कोसांवर. माझे सासरे रामकिसन मोठ्या दुष्काळात गोदेकाठाकडून इकडं आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पितळी तांब्या आणि आजारी बायको एवढाच संसार होता. उपऱ्या माणसाला गाव वतन देत नसतं, मान देत नसतं. पण तेव्हाच्या पाटलानं गावकडेची एक जागा दाखवून त्यांना सांगितलं, "हितं राख टाकत जा." मामंजींनी हे मला किती वेळा ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. ते म्हणायचे, "सूनबाई, राख टाकायला जागा दिली म्हंजी चूल पेटवायला परवानगी दिली." त्या जागेला लागूनच त्यांनी दोन खणांचं घर घातलं, आणि पुढं माळावरची थोडी बरड जमीन केली. बरड जमीन म्हणजे खादाड सून. वैशाखात उकिरड्यावरचं खत तिच्या पोटात गेलं तरच ज्वारी कमरेला लागायची, नाहीतर कडबासुद्धा धड हाती येत नव्हता. माझं पोट त्या उकिरड्यावर होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या जागेचा कागद नव्हता. गावात कुणाच्याच उकिरड्याचा कागद नव्हता. रीत होती. दिवाळीच्या अवसेला, तिन्हीसांजेला, ज्याच्या घरचा दिवा उकिरड्यावर लागेल त्याचा तो उकिरडा. दिवा ठेवताना घरच्या कर्त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याच्या उकिरड्याला बरकत मागायची. एक साल दिवा चुकला, तर जागा मोकळी झाली असं गाव समजायचं. मग पाटलानं ती दुसऱ्या कुणाला दिली तरी तक्रार चालत नसे. चाळीस-बेचाळीस दिवाळ्यांत आमचा दिवा कधी चुकला नव्हता.

उकिरड्याच्या एका अंगाला आमचं घर आणि दुसऱ्या अंगाला सुंदररावाचं. सुंदरराव म्हणजे चार बैलांचा धनी, बोलायला गोड, चालायला हळू. त्याची बायको छबुबाई. मी आणि छबू एकाच वैशाखात नवऱ्या म्हणून या गावात आलो. तिची हळद आधी उतरली की माझी, यावरून आम्ही पुढं कितीतरी वर्षं भांडायचो. दोघींचं दळण एका जात्यावर, दोघींचं पाणी एका आडावर. माझा नवरा मानमोडीच्या साथीत गेला, तेव्हा गल्लीतले लोक दारापासूनच परत फिरत होते. छबू आत आली, माझ्या उशाशी बसली, आणि सहा दिवस तिच्या घरातून माझ्यासाठी भाकरी आली. हे मी विसरले नाही. विसरता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

साथीनंतर दुसऱ्या वर्षी चैत्रात सुंदररावानं घर मोडून नव्यानं बांधायला काढलं. जुनं माळवद गळत होतं. त्याच्यावरची पांढरी माती हातभर खाली काढली, तेव्हा आतल्या तुळया वाळवीनं पोकळ केलेल्या निघाल्या. मग भिंतीही पाडल्या. आता ही एवढी माती, फुटके रांजण, सडक्या फळ्या, चुलीचे तुकडे टाकायचे कुठं? त्याचा स्वतःचा उकिरडा लहान, तोही भरून गेलेला. सुंदरराव आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"रामकिसनकाका, आमची माती थोडे दिस तुमच्या उकिरड्यावर पडू द्या. पाऊस लागायच्या आदी उचलून शेतात नेतो."

"टाक की," मामंजी म्हणाले. "जुन्या भिताडाची माती म्हंजी खतच ती. पर मिरगाच्या आदी उचल बरं का. माजं खत खाली दबंल."

"काका, म्या काय परका हाय का?"

दोन दिवस त्याचा सालगडी आश्रुबा गाडीनं माती आणून आमच्या उकिरड्यावर ओतत होता. छबू मध्येच पदर खोचून ढिगाऱ्यात काहीतरी शोधायला लागली. विचारलं तर म्हणाली, की ती घरात आली त्या दिवशी भिंतीवर उमटवलेले तिचे हळदीचे हात त्या मातीत कुठंतरी असतील. मीही तिच्याबरोबर उन्हात ढेकळं उलटीपालटी करत बसले. हात काही सापडले नाहीत. आम्ही दोघी धुळीनं पांढऱ्या होऊन एकमेकींना हसलो.

मृग आला, माती जागची हलली नाही. सुंदररावाचा बैल लंगडला होता. मग पेरणी आली, मग कोळपणी. मी दोनदा आठवण केली. "उचलतो की वहिनी," तो म्हणायचा. भादव्यात मामंजी अंथरुणाला खिळले, आणि उकिरड्यावरच्या मातीची आठवण कुणाला राहणार? आश्विन वद्य दशमीला ते गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं, बाकी काही नाही.

सहाव्या दिवशी दिवाळीची अवस होती. घरात सुतक. सुतकाच्या घरातला दिवा चालत नाही, तेलही चालत नाही. मला मामंजींचं दुःख होतंच, पण खरं सांगते, त्या दिवशी सकाळपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दिवा चुकणार. बेचाळीस वर्षांचा दिवा मामंजी गेल्याबरोबर चुकणार, आणि मी एकटी बाई, ना मूल ना दीर, पाटलाच्या दारात काय तोंड घेऊन जाणार?

छबू सांत्वनाला आली तेव्हा मीच तिला म्हणाले, "छबे, येक काम करशील? सांजंला आमच्या उकिरड्यावर दिवा लाव. तुज्या घरचा. माज्या हातानं चालत न्हाई."

ती थोडी थबकली. "दुसऱ्याच्या उकिरड्यावर दिवा लावल्यालं चालतंय का गं?"

"नाव मामंजींचं घे, म्हंजी झालं. देवाला समदं कळतं."

"बरं. तू रडू नको, सुभे," ती म्हणाली.

तिन्हीसांजेला मी दाराच्या आतच उभी राहिले. छबू ताटात पणती घेऊन आली, मातीच्या ढिगावर चढली, पदरानं वारा अडवून तिनं दिवा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "रामकिसनच्या उकिरड्याला बरकत यिऊ दे." मी माझ्या कानांनी ऐकलं. मला इतकं हलकं वाटलं, की सासरे गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या रात्री झोपले. असा वेडेपणा मीच केला होता, आणि त्या वेळी मला त्याचं समाधान वाटत होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी पाटी घेऊन गेले तर सुंदरराव आणि आश्रुबा उकिरड्यावर माती सारखी करत होते. कडेला दगड येऊन पडले होते. माझं दीड वर्षाचं खत त्यांच्या मातीखाली दाबून चोपून सपाट केलेलं.

"ह्ये काय चाललंय?" मी विचारलं.

"गोठा घालतोय," सुंदरराव म्हणाला.

"आमच्या उकिरड्यावर?"

तो हसला. गोड हसला. "वहिनी, तुमचं हितं काय हाय? वर बगा, माती आमची. दिवाळीचा दिवा आमचा. काका व्हते तवर म्या काय म्हनलो का?"

मी पाटी तिथंच टाकली आणि थेट छबूकडं गेले. ती चुलीपुढं होती. मी बोलत होते, ओरडत होते म्हणा ना, आणि ती तव्यावरची भाकरी उलटत होती. शेवटी ती म्हणाली, "मी बोलते त्येंच्याशी. तू कावून येवढी घाबरतीस? परसंग आलाच तर मला इचारतील की. म्या सांगीन काय हाय ते."

एवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला. सुंदररावाच्या मनात पाप आलं असेल, आलं तर आलं. दिवा लावणारी छबू माझी होती.

त्याच भरवशावर मी पाटलाकडं गेले. पाटील अर्जुनराव हे रीतीला धरून चालणारे. त्यांनी मला हाकलून लावलं नाही, माझी बाजूही घेतली नाही. ते म्हणाले, पौषात तहसिलीतून गिरदावरसाहेब पिकांच्या पाहणीला येणार आहेत, त्यांच्यापुढं दोघांची बयानं होऊ दे. ते सांगतील ते दोघांनी ऐकायचं.

साहेब आले. मारुतीच्या पारावर घोंगडी अंथरली. उजेडात बसलेलं सारं गाव, आणि मी एका बाजूला डोईवरून पदर ओढून. साहेब शांत माणूस होते. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं, पाटलांना रीत विचारली, आणि म्हणाले, "कागज नहीं है, तो रिवाज देखेंगे."

आधी आश्रुबाला बोलावलं. माती कुणाची, तर मालकाची. कुणी टाकायला सांगितली, तर मालकानं. रामकिसननं परवानगी दिली होती का, हे मी ओरडून विचारलं. आश्रुबा जमिनीकडं बघत म्हणाला, "म्या गाडी भरीत व्हतो, बाई. वट्यावर काय बोलणं झालं, मला काय ठावं." ते खरंही असेल. गरिबाच्या पोटावर बोट ठेवायला मी जात नाही.

मग छबूला बोलावलं. तिनं बेलभंडारा उचलला. मला बरं वाटलं, बेलभंडारा उचलून ती खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं. आणि ती खोटं बोललीच नाही.

"दिवाली का दिया किसने लगाया?" साहेबांनी विचारलं.

"म्या लावला."

"तेल किसका?"

"आमच्या घरचं."

"वहाँ मट्टी किसकी पडी है?"

"आमच्या घराची."

तिन्ही उत्तरं खरी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी वाट बघत होते, आता पुढचं बोलेल. 'सुभद्रेनं मला सांगितलं होतं, तिच्या घरात सुतक होतं, नाव मी तिच्या सासऱ्याचं घेतलं.' तीन वाक्यं. तेवढ्याला श्वाससुद्धा दोनदा घ्यावा लागत नाही. छबू बेलाचं पान बोटांत चुरत राहिली.

मी उठले. बायकांनी पारापुढं असं उठायचं नसतं, पण उठले. "सायेब, म्याच तिला लाव म्हनलं व्हतं! आमच्या घरात सुतक व्हतं. आमाला दिवा चालत नव्हता."

साहेबांनी पाटलांकडं पाहिलं. अर्जुनराव घसा साफ करून म्हणाले, "बाई, म्हंजी तुमच्या घरचा दिवा ह्या साली लागला न्हाई. ह्ये तुमीच कबूल करताय."

माझ्याच तोंडानं मी माझा उकिरडा देऊन बसले होते. मी छबूकडं वळले आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "छबे, दिवा ठिवताना नाव कुनाचं घेतलंस? येवढंच सांग. नाव कुनाचं?"

सुंदरराव खाकरला. छबूनं मान वर केली नाही. ती साहेबांना म्हणाली, "नाव मनातल्या मनात घ्येत्यात, सायेब."

पारावर कुणीतरी हुंकार भरला. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की नाव मोठ्यानं घेतात. एकीनंही तोंड उघडलं नाही. उकिरडा रामकिसनच्या सुनेचा गेला काय आणि सुंदररावाचा झाला काय, कुणाची भाकर अडणार होती? उपरा तो उपराच. साहेबांनी फैसला सांगितला, पटवाऱ्यानं लिहून घेतला, आणि लोक उठून आपापल्या कामाला गेले. साहेबांचा मला राग नाही. त्यांनी जे ऐकलं त्यावर दुसरा फैसला झाला नसता.

त्यानंतर रोज सकाळी मी राख आणि शेण पाटीत भरून माळावरच्या शेतात नेऊ लागले. दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. गावाच्या रस्त्यानं शेणाची पाटी घेऊन चाललेली बाई बघून लोक बाजूला व्हायचे. पोरं नाक धरायची. कुणी म्हणायचं, सुभद्राबाई उकिरडा डोक्यावर घेऊन फिरते. म्हणू देत. त्यांनी हसावं अशीच माझी दशा होती.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्या वाटेनं चालताना मी रोज छबूला माफ करायची कारणं शोधायची. नवऱ्यानं धमकावलं असेल. मारलंही असेल, त्याचा हात हलका नव्हता. घरातून काढीन म्हणाला असेल, आणि मग ती माहेरी कुणाकडं जाणार, भाऊ तरी कुठं आहे तिला? बाईमाणूस, पारावर, साहेबापुढं. जीभ टाळूला चिकटली असेल. एका दिवशी दीड कोसात मला तिच्या बाजूनं नऊ कारणं सापडली होती. मानमोडीत माझ्या उशाशी बसलेली बाई अशी असूच शकत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. एक दिवस ती येईल, परसदारानं येईल, आणि रडेल. मग आम्ही दोघी मिळून त्या सुंदररावाला शिव्या घालू. जागा गेली तर गेली.

ती आली नाही. माघातल्या एका सकाळी मीच तिला भेटले. वडवणीचा बाजार होता, सुंदरराव पहाटेच गाडी जुंपून गेला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पाटी घेऊन निघाले, तर छबू नव्या गोठ्याच्या कडेला, आमच्या उकिरड्याचा जो तुकडा उरला होता तिथं, राख टाकत उभी. मला बघून तिनं हात झटकले.

"सुभे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "कावून येवढ्या लांब जातीस गं? कंबर मोडंल तुजी. हितंच टाक की."

माझे पाय थांबले. इतक्या दिवसांनी तिनं मला सुभे म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही. मला वाटलं, हीच ती वेळ. मी पाटी खाली ठेवली आणि तिच्या अगदी जवळ गेले.

"छबे," मी म्हणाले, "हितं कुनी न्हाई. तुजा नवरा न्हाई, सायेब न्हाई. म्या कुनाला सांगनार न्हाई, मामंजींची शपथ. माज्या कानात येकदाच सांग. ही जागा कुनाची?"

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं एकदा मला कानात सांगितलं असतं, की जागा तुमची होती गं, तर मी सगळं सोडून दिलं असतं. तिच्याच हातात माझी पाटी दिली असती. जन्मभर त्यांच्या उकिरड्यावर राख टाकली असती आणि एक शब्द बोलले नसते.

छबूला विचार करावा लागला नाही. तिला भीतीही वाटली नाही. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, जसं आडावर भांडं विसरलेल्या बाईकडं बघावं तसं.

"आमची," ती म्हणाली. "पर तू टाक की. तुला म्या कदी न्हाई म्हनले का?"

आणि ती वाकून माझी पाटी स्वतः उचलायला लागली, मायेनं. मी तिच्या हातातून पाटी ओढून घेतली. थोडं शेण तिच्या लुगड्यावर सांडलं. ती म्हणाली, "आगं, असं काय करतीस?" आणि तिला खरोखरच कळलं नव्हतं, मी असं काय करते ते.

मी पाटी डोक्यावर घेतली आणि शेताची वाट धरली. दीड कोस चालले. त्या दिवशी वाटेत तिच्यासाठी एकही कारण शोधलं नाही.